ढेकूळ हातात घेऊन भांडा

मुलांनो, पुढे या. अगदी पुढे! मोठ्यांना मागेच बसू द्या, त्यांना टेकायला भिंत लागते.

आज एक प्रश्न विचारतो. दहा जणांनी देवासमोर शपथ घेतली. नऊ जणांनी मोडली. मग दहाव्याने काय करावं? पाळावी, की ‘मीच एकटा वेडा का?’ म्हणून मोडावी?

हसू नका! जगातले मोठमोठे देश याच प्रश्नात अडकलेत. धूर फार झाला, धरती तापली, समुद्र चढतोय, म्हणून सगळे करार करतात. सह्या करतात, फोटो काढतात, विमानात बसतात. आणि घरी गेल्यावर? ‘आधी शेजाऱ्याने धूर कमी करावा, मग आम्ही बघू!’

तर मंडळी, ऐका! खाडीकाठी तीन गावं. थोरगाव, मधलंगाव आणि टोकवाडी. तिघांची शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. मग समुद्र बाहेर कोण ठेवतो? मातीचा एकच लांब बांध! दर उन्हाळ्यात तिन्ही गावं रांग धरायची आणि चिखलाचं ढेकूळ या हातातून त्या हातात देत बांध लिंपायची. बांध राखणाऱ्या अशा घरांना तिकडे जोळ म्हणतात.

पण थोरगावाने विटांच्या भट्ट्या काढल्या. माती कुठली? बांधाच्या पायथ्याची, तीही टोकवाडीच्या बाजूची! चाळीस वर्षं खणली, घरं दुमजली झाली. मधल्यागावाने नुकतीच पहिली भट्टी पेटवली. टोकवाडीत भट्टी नाही, काही नाही. नऊ घरं, आणि जमीन सगळ्यांत सखल.

तिथे राहायची चांगुणाबाय. एकटी बाई, एकच शेत. खारं पाणी शिरून मुरलं की तीन वर्षं भात नाही. मग गाव सोडून भावाच्या दारात जायचं! तिने सभा बोलावली.

थोरगावचे हसुराम पाटील म्हणाले, “माती काढणं सगळ्यांनीच थांबवू.”

मधल्यागावचा धर्मा उसळला, “वा, हसुदादा! तुमचा दुसरा मजला झाला, आता आमच्या पहिल्या भिंतीला नाट लावता?”

“तुझी भट्टी धूर सोडते, ती काय उदबत्ती आहे?”

आता सांगा, चूक कोण? धर्मा खोटं बोलला? नाही! हसुराम? तोही नाही! दोघंही खरं बोलतात, आणि समुद्र मात्र चढतोय.

शेवटी बांधावर नारळ फुटला. माती काढायची नाही, तिघांनी मिळून बांध लिंपायचा. शपथ! खोबरं खाल्लं, घरी गेले. (खोबरं संपेपर्यंत शपथ अगदी पक्की असते हो!)

दुसऱ्या दिवशी रांगेत किती? एक. चांगुणा! धर्मा म्हणाला, “थोरगाव आलं की येतो.” हसुराम म्हणाले, “मधलंगाव येऊ दे.” हसुरामांनी हुशारी केली. आपल्या शेतापुरता बांध छातीएवढा उंच केला. टोकवाडीचं टोकवाडी बघेल!

चांगुणा महिनाभर ढेकळं टाकत राहिली. लोक म्हणत, “बाय, समुद्र काय तुला एकटीला घाबरणार?” ती म्हणे, “घाबरू नको म्हणावं. जरा दमला तरी पुरे!”

आणि उधाण आलं! जिथे माती खणली होती, तिथेच टोकवाडीचा बांध फुटला. पाणी टोकवाडीतून मधल्यागावात, तिथून मागच्या बाजूने थोरगावात. ओहोटी लागली, पण हसुरामांच्या शेतातलं पाणी हलेना. का? त्यांचाच छातीएवढा बांध! समुद्राला बाहेर ठेवायला बांधला, त्यानेच समुद्र आत कोंडला! तोडावा, तर पुढचं उधाण तिथूनच येणार. तिघांचंही पाणी बाहेर पडायला वाट एकच, टोकवाडीचं भगदाड. पाणी उतरलं की भरतीच्या आत ते बुजवायचं. हातात तास फक्त चार!

सगळी गावं धावत आली. बघतात तर भगदाड पंधरा हातांवरच थांबलेलं. दोन्ही कडांना चांगुणेची ढेकळं होती ना! तेवढी नसती तर अख्खा बांध गेला असता.

तरी हे दोघे सुरूच! “तू आला नाहीस!” “तुम्ही माती चोरलीत!”

चांगुणेने चिखलाचं ढेकूळ उचललं आणि धप्पकन हसुरामांच्या हातात ठेवलं. “भांडा, दादा! भांडलंच पाहिजे, माती कोणी नेली ते विसरायचं नाही. पण ढेकूळ हातात घेऊन भांडा!”

आणि काय रांग लागली! शिव्याही पुढे जातात, ढेकळंही पुढे जातात. हसुराम म्हणाले, “माती आम्ही जास्त नेली. थोरगावची तिप्पट माणसं लावा.” धर्मा म्हणाला, “आज बोललात! माझी भट्टी बंद.” भरती आली, बांधाला धडकली, आणि मागे फिरली.

चांगुणेचं अर्धं शेत त्या वर्षी गेलं. पाणी मुरायच्या आत उतरलं, म्हणून अर्धं पिकलं. ती गावातच राहिली.

मुलांनो, उद्या देशांच्या त्या सभांत तुम्हीच बसाल. आपल्या हक्काचं ठणकावून बोला. पण त्याआधी जरा मागे वळून बघा. चार रांगा रिकाम्या आणि वर सहा पंखे गरगर! इथे बसलेल्या प्रत्येकाला वाटलं, बंद करायला दुसरा कोणी उठेल.

अरे अरे, सगळेच उठलात? जा, जा! तोवर आम्ही म्हातारे टाळ धरतो. बोला, हरी हरी!