द्वारकाबाईची सातवी ओवी

मंडळी, बसा. पुढे सरका, मागच्यांना जागा द्या. माय, ते लेकरू रडतंय तर रडू द्या, आज आख्यानात त्याचाच मान आहे! टाळकरी, जरा थांबा. आधी मला एका प्रश्नाचं उत्तर द्या.

परक्या मुलखात माया पाठवायची आहे. लाडू डब्यात बांधता येतात. लोणचं बरणीत बांधता येतं. माया कशात बांधायची? कुठल्या भाषेत? त्यांच्या, की आपल्या?

कोण म्हणालं "मायेला भाषा लागत नाही"? तुम्ही का, टोपीवाले आबा? वा! छान वाक्य आहे! आता मला सांगा, काल बंगळूरच्या जावयाशी फोनवर किती वेळ बोललात? — बघा, आबा हसले! "हॅलो, बरं आहे ना, देतो हिला!" झालं! माया पोटात, फोन हिच्या हातात!

तर ऐका.

मुळशीच्या अंगाला डोंगरात आंबेटेप नावाचं गाव. तिथं द्वारकाबाई शेडगे. वय बासष्ट. शाळेची पायरी चढली ती फक्त मतदानाला! पण बाईच्या गळ्यात काय होतं म्हणून सांगू? ओवी! पीठ आता गिरणीत दळतात, पण घरची हळद मात्र ती जात्यावरच दळायची. हातात खुंटा आला की तोंडात ओवी आलीच. कुठली गोष्ट लक्षात ठेवायची झाली, की ओवीत घालायची. सोयरीक ओवीत, बाजार ओवीत, वैद्याचं औषधसुद्धा ओवीत — दोन गोळ्या सकाळी, गं बाई!

तिचा एकुलता एक भरत. शिकला, विलायतेत गेला, लीड्स नावाच्या शहरात इंजिनियर झाला. तिथंच लग्न केलं. सुनेचं नाव मेगन. गोरीपान, गोड पोर. फोनवर दोघी समोरासमोर यायच्या, पण मध्ये भरत! दुभाषा! आणि दुभाषा कसा? द्वारकाबाई बोलायच्या —

"बाळा, तिला म्हणावं, थंडीत कानाला रुमाल बांध, सकाळी उपाशी पोटी जाऊ नको, आणि तुझ्या अंगावरला तो निळा सदरा मला फार आवडला, तुला बघितलं की माझ्या मनात कसं चांदणं पडतं."

भरत तिकडे वळून म्हणायचा, "शी सेज हाय!"

मंडळी! चांदणं कुठं गेलं? रुमाल कुठं गेला? सगळं समुद्रात बुडालं!

म्हातारी काही खुळी नव्हती. "भऱ्या, मी एवढं बोलले आणि तू एवढंसंच? बाकीचं तू खाल्लंस का रं?"

"आई, त्याचा अर्थ तोच होतो गं!"

"व्हय, अन् जेवायला बस म्हणून वाटाण्याएवढी भाकर दिली तर तुला चालंल का?"

अशात बातमी आली. मेगनला दिवस गेले! आता आपली रीत काय? पहिलं बाळंतपण माहेरी. पण मेगनची आई ती दहा वर्षांची असतानाच गेलेली. बाप होता, पण तो दूर, बोटीवर कामाला. द्वारकाबाईंनी हे ऐकलं आणि सूप खाली ठेवलं.

"तिला माहेर न्हाई? मग मी हाय की! मीच येते तिचं माहेर हून!"

"आई, तू इथं येऊन बोलणार काय तिच्याशी?"

"शिकते."

"चार महिन्यांत इंग्रजी?"

"आरं, सगळं कशाला? मला काय कोर्टात जायचंय? कळा घेणाऱ्या पोरीला धीर देण्यापुरतं शिकते!"

गुरू कोण मिळावा? बहिणीची लेक, सुलभा. ही पुण्यात कॉल सेंटरला. इंग्लंडातल्या लोकांची गीझर बिघडल्याची गाऱ्हाणी दिवसभर ऐकायची. दर रविवारी मावशीकडे यायची. ती म्हणाली, "मावशी, पुस्तकातलं इंग्रजी शिकू नकोस. घरात पाय पसरून माणसं जे बोलतात ना, ते शिक. दमल्यावर तिथं कुणी 'मी अत्यंत श्रांत झाले आहे' म्हणत नाही. म्हणतात — नॅकर्ड!"

"न्याकर्ड! म्हंजे?"

"म्हणजे अंगात त्राण नाही, चिपाड झालंय. पण मावशी, हा शब्द घरचा हं! साहेबासमोर, पाहुण्यांसमोर नाही बोलायचा."

"कळलं. आपलं परकर वर खोचून बोलायचं."

बघा मंडळी, विद्यार्थिनी! बोलीभाषेची व्याख्या एका वाक्यात दिली! आपले विद्वान याला दोन खंड घेतील!

मग एकेक शब्द येऊ लागला. चहा हवा का विचारायचं, तर 'फॅन्सी अ कपा?' फार आनंद झाला, तर 'चफ्ड टु बिट्स' — आनंदानं मनाचे तुकडे तुकडे! अगदी सोपं काम असलं, तर 'पीस ऑफ केक'. आपण काय म्हणतो? डाव्या हातचा मळ! त्यांचा केक, आपला मळ — आता जास्त सुधारलेलं कोण, ते तुम्हीच ठरवा! बरं वाटत नसलं, तर 'अंडर द वेदर' — सगळी हवा अंगावर येऊन बसली म्हणायचं. आणि जिवाला फार लागलं, तर 'गटेड'. सुलभा म्हणाली, "म्हणजे आतडी काढल्यासारखं झालं."

द्वारकाबाईंचा खुंटा थांबला. "आपलंबी आतडं तुटतंच की गं. म्हंजे तिकडच्यांनाबी आतडी हायती तर!"

हायती, मंडळी! विमानानं नऊ तास जा, आतडी तिथंही तीच!

आता लिहिता येत नाही, मग पाठ कसं करायचं? ठरलेलंच! हळदीचा घास जात्यात, शब्दाचा घास ओवीत! ऐका —

पहिली माझी ओवी
दमल्या पायांना,
'नॅकर्ड' म्हणावं
बाई त्यांना.

दुसरी माझी ओवी
आधण ठेविते,
'फॅन्सी अ कपा' गं
सुनेला पुसते.

तिसरी माझी ओवी
हरखल्या मनाची,
'चफ्ड टु बिट्स' गं
लाही जोंधळ्याची!

अशा नऊ झाल्या. त्यातली सातवी सगळ्यात मोलाची. धीर सोडू नकोस, घट्ट धरून राहा — 'हँग इन देअर'!

सातवी माझी ओवी
धीराच्या दोराची,
'हँग इन देअर' गं
वाट ही घाटाची.

निघायच्या आदल्या रविवारी सुलभानं परीक्षा घेतली. "मावशी, धीर सोडू नकोस, कसं म्हणशील? चटकन सांग."

द्वारकाबाईंनी डोळे मिटले. "पहिली माझी ओवी..."

"अगं पहिली नाही! सातवी! सरळ सातवी म्हण!"

"सातवी... सातवी... थांब हां... पहिली माझी ओवी..."

आलं का लक्षात? बाईला मधलं काही येईचना! जात्याची पाठांतरं ती! पहिल्यापासून लावली तर नऊच्या नऊ झरझर, पण मधला एक शब्द उचलून दे म्हटलं की सगळं ठप्प!

"मावशी, तिथं कुणी तुझ्या सहा ओव्या ऐकत उभं राहणार नाही गं!"

"मग काय करू? जातं का कधी मधनं सुरू हुतं?"

अशी ही विद्या घेऊन म्हातारी विमानात बसली! नऊवारी लुगडं, कमरेला बटवा, पोटात नऊ ओव्या!

लीड्सला काय झालं? पहिल्या दोन ओव्यांतलं काम चोख! मेगन दमून आली की हिचं सुरू — "पहिली माझी ओवी, दमल्या पायांना, न्याकर्ड?" मेगन मान डोलवायची, पाय पुढे करायची, ही कोमट तेल चोळायची. "दुसरी माझी ओवी... कपा?" चहा तयार! सहा आठवडे सासू-सून दोन शब्दांवर सुखानं नांदल्या! इथं दोन हजार शब्द येऊनही पटत नाही, त्या घरांची नावं मी घेत नाही. या बाजूला उगाच कुणी खाली बघू नका!

पण दुसरीच्या पुढचा शब्द लागला, की पंचाईत. भरतचा एक मित्र घरी आला. म्हणाला, नातवंड येणार, कसं वाटतंय? बाईला म्हणायचं होतं 'चफ्ड'. लावली पहिलीपासून! मित्र बिचारा हातात कोट धरून उभा! भरत लाजून लाल.

मित्र गेल्यावर तो म्हणाला, "आई, एक सांगू? दवाखान्यात तू काही बोलू नकोस. तिथं घाई असते. मी आहे ना, मी सांगीन तिला."

म्हातारी उठली. भांडी घासत राहिली. गटेड, मंडळी. सहाव्या ओवीतला शब्द. आला नाही ओठावर, पण झालं तेच.

आणि तो दिवस उजाडला. सकाळी दहाला मेगनला कळा सुरू झाल्या, बाराला दवाखान्यात. मेगन पलंगावर. एका बाजूला भरत, दुसऱ्या बाजूला गप्प उभी द्वारकाबाई. सुईण होती पॅट्रिशिया नावाची, चांगली दणकट बाई. आणि आपला भरत, आपला शूर दुभाषा, "मी आहे ना" म्हणणारा — त्यानं एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं बघितलं, आणि धाडकन! जमिनीवर!

पॅट्रिशियानं एका हातानं उचलला त्याला, बाहेर नेऊन खुर्चीत बसवला, हातात सरबत दिलं, दार लावून घेतलं.

आता आत कोण? दोन बायका, सुईण तिसरी. दुभाषा खुर्चीत!

कळ आली. मेगननं मान फिरवली. डोळे भरलेले. "आय कान्ट! आय कान्ट!"

त्याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही, मंडळी. "मला नाही जमणार." जगातली प्रत्येक बाई त्या घटकेला हेच म्हणते. आणि त्या घटकेला तिची आई तिथं असावी लागते. या पोरीची आई नव्हती. आई व्हायला चार महिने हळद दळत तयारी केलेली ही एक होती — आणि हिला सातवा शब्द आठवेना!

"सातवी... सातवी..."

काय करणार? द्वारकाबाईंनी मेगनचा हात धरला. खुंटा धरतात तसा धरला, घट्ट. डोळे मिटले. आणि लावली!

"पहिली माझी ओवी..."

पॅट्रिशियाला वाटलं, प्रार्थना आहे. तिनं गप्प करायला बोट वर केलं. इतक्यात कानावर आलं, "न्याकर्ड म्हणावं बाई त्यांना!" बोट वरच राहिलं! नऊवारीतली म्हातारी आणि न्याकर्ड! सुईण खुदकन हसली. आणि मेगन? घामानं निथळलेली मेगन ओरडली, "येस! नॅकर्ड!"

ओवी वर चढली, श्वास आत. ओवी खाली आली, श्वास बाहेर. बाकीचं मेगनला काही कळत नव्हतं. पण त्या अनोळखी पाण्यात दर ओवीला तिच्या ओळखीचा एक दगड होता. त्यावर पाय ठेवायचा, दम घ्यायचा, पुढच्याची वाट बघायची. कपा! — "नॉट नाऊ!" म्हणाली पोर. चफ्ड! केक! — केकला तर ती सुईणीवरच खेकसली! वेदर! गटेड!

आणि सातवी!

"'हँग इन देअर' गं... वाट ही घाटाची..."

मेगननं सासूकडे बघितलं, मंडळी. मध्ये भरत नाही, फोन नाही, समुद्र नाही. सहा ओव्या चालून आलेला शब्द होता तो! चटकन फेकला असता तर एवढा जड झाला असता का? तिनं हात आणखी घट्ट धरला.

नऊ संपल्या. पुन्हा पहिली! फिरू द्या जातं! दुसऱ्या फेरीला पॅट्रिशियाही पाय आपटून ठेका धरू लागली. आणि तिसऱ्या फेरीत, लाहीच्या ओवीला — ट्याहां! मुलगी झाली! वाजवा टाळ, मंडळी, वाजवा!

भरत भिंत धरून आत आला. आधी बायकोकडे बघितलं, मग आईकडे, मग लेकीकडे. आणि सवयीनं वाकला, "आई, मेगन काय म्हणते सांगू का?"

मेगननं हातानं त्याला बाजूला सारलं. सासूच्या खांद्यावर डोकं टेकलं. डोळे मिटत मिटत म्हणाली —

"नॅकर्ड गं."

गं! मंडळी, गं! चार महिने हिनं तिचे शब्द गोळा केले, आणि त्या पोरीनं तीन फेऱ्यांत हिच्या बोलीचा जीवच उचलला!

तर आबा, सांगा आता. माया कशात बांधायची? शब्द त्यांचा घ्या, सूर आपला लावा. आणि हो, स्वतः जा. दुभाषा पाठवू नका, तो वाटेत बेशुद्ध पडतो!

तुम्ही हसताय. पण तुमच्या घरात लीड्स नाही का? माजघरात आहे! नातू 'चिल' म्हणतो, 'सॉर्टेड' म्हणतो, नात 'मूड ऑफ आहे' म्हणते, आणि तुम्ही काय म्हणता? "ही काय भाषा झाली?" अहो, पोरगी तुम्हाला सांगतेय की आतडं दुखतंय! तुम्ही तिचं तोंड दुरुस्त करताय!

आज प्रसाद घ्या, घरी जा. त्या पोराजवळ बसा. विचारा, बाळा, तो तुझा शब्द काय रे? अर्थ सांग. ते हसेल तुम्हाला. हसू द्या! तुम्ही चुकाल. चुका! पहिल्यापासून लावा. जो जात्याच्या घरघरीत आहे आणि परमुलखातल्या पोरीच्या हुंकारातही आहे, तो हरी कधी म्हणाला नाही की मला शुद्धच हाक मारा.

मारा तर मग एकदा. जशी येईल तशी. मोकळ्या गळ्यानं!