जावयाचं तिखट

(रत्नागिरी बंदरालगतची एक पडवी. मासळी विकून परतलेल्या सोनूबाई, त्यांची नात योगिनी आणि टोपी मांडीवर ठेवून बसलेला हवालदार सखाराम.)

सोनूबाई : डोळ्याला काही झालं नाही म्हणजे? असं म्हणतो तरी कोण?

सखाराम : डॉक्टर म्हणतात, काकी. त्या दीपेशचे डोळे तपासले, धुतले नि घरी पाठवला. शर्ट तेवढा लालभडक झालाय.

सोनूबाई : डॉक्टर नवा असेल. माझी लवंगी मिरची दळायला नेली की गिरणवाला आधी तोंडाला फडकं बांधतो, मग बोलतो. ती मूठभर डोळ्यांत गेली, मेला गाडीसकट आडवा झाला आणि डोळ्याला काही झालं नाही?

योगिनी : आजी, नाही झालं ते बरंच ना.

सोनूबाई : तू गप गो. परवा बंदरावर त्याने मोटरसायकल आडवी घातली, तुझी ओढणी धरली, तेव्हा बरं होतं काय?

सखाराम : त्याचा गुन्हा आम्ही घेतलाय. पण आता त्याने उलटी तक्रार दिली. म्हणतो, मी नुसता पत्ता विचारत होतो, पोरीने माझे डोळे घालवायला जहाल तिखट फेकलं.

सोनूबाई : ओढणी धरून कोणाचा पत्ता विचारतात रे?

सखाराम : आम्हीही तेच म्हटलं. तक्रारीत काही दम नव्हता. मग तुमचा व्हिडिओ आला.

सोनूबाई : तू बघितलास?

सखाराम : अख्ख्या रत्नागिरीने बघितला. साहेबांनी दोनदा.

सोनूबाई : शेजारच्या वेदिकाने काढला. मी बांगडे विकत होते, ती म्हणाली, आजी, योगिनीताईने काय केलं ते सांगा. मी सांगितलं. खोटं काय बोलले?

सखाराम : तुम्ही म्हणालात, हे सोनूबाईचं तिखट आहे, डोळे फुटावेत म्हणूनच नातीला दिलंय.

सोनूबाई : मग कपाळाला लावायला देतात? कालपासून बायका मासळी राहिली बाजूला, तिखटच मागतायत. दाभोळहून एकीने फोन करून विचारलं, पर्समध्ये मावेल अशी पुडी बांधून देता का. एवढी वर्षं बाजारात बसले, असा मान कधी मिळाला नव्हता.

सखाराम : मान तुमचा, पण भोगायचं हिला. योगिनी पोलीस भरतीत पास झालीय. तिच्या वर्तणुकीची चौकशी आमच्याच ठाण्यात आलीय. त्यात ही तक्रार लटकली, तर बाकीच्या पोरी ट्रेनिंगला जातील आणि ही इथे बसेल.

सोनूबाई : अगो बाय. मी काय तुझं वाईट व्हावं म्हणून बोलले?

योगिनी : मी काही म्हटलं का तुला?

सोनूबाई : म्हटलं नाहीस, तेच लागतंय.

सखाराम : डोळ्यांना काही झालं नाही हे डॉक्टरांनी लिहून दिलंय. पूडच मवाळ होती असं दिसलं, तर त्याची तक्रार आपोआप पडेल.

सोनूबाई : मवाळ? माझ्या घरात? थांब. योगिनी, तिखट जवळ ठेव म्हटलं होतं, ती पर्समधली डबी कुठल्या डब्यातून भरलीस गो?

योगिनी : फळीवरच्या. निळ्या झाकणाच्या. लालबुंद होतं म्हणून तेच घेतलं.

सोनूबाई : तिखट काय रंग बघून घेतात? एवढी घोडी झालीस, चुलीमागचा डबा नाही दिसला? फळीवर बेडगी असते. नुसता रंग.

सखाराम : तुमच्याकडे बेडगी कशाला?

सोनूबाई : जावयासाठी रे. हिची आत्या पुण्याला दिली. पहिल्यांदा जेवायला बसले तर एका घासात नाकाडोळ्यांतून पाणी. तेव्हापासून त्यांच्या कालवणाला वेगळा डबा. आता चारचौघांत सांगतात, सासूबाईंच्या हातचं तिखट मला चालतं. मी कशाला बोलू?

योगिनी : म्हणजे मी त्याच्यावर आतोबांचं तिखट फेकलं?

सोनूबाई : हसू नको सखाराम. पुढचं बोल.

सखाराम : डबा घेऊन ठाण्यात चला, साहेबांना दाखवू. पण तो व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. तुम्हीच दुसरा करून खरं सांगितलंत तर बरं.

सोनूबाई : मोबाईलवर सांगू, माझं तिखट लागलं नाही म्हणून? बाजारात माझ्यासमोर ती भागूबाई बसते, तीही मसाला विकते. गिऱ्हाईक दिसलं की सांगते, सोनूबाईच्या मसाल्यात नुसता रंग. तिला आयतंच दिलं म्हणायचं.

योगिनी : राहू दे, आजी. पुढच्या भरतीला परत धावेन.

सोनूबाई : परत धावतेय. भाट्याच्या पुळणीत, वाळूतून धावून पायाची कातडी सोलली होतीस, तेल मी लावत होते. आणि मला एक कळत नाही. बेडगी झोंबत नाही, मग तो मेला गाडीसकट आडवा कसा झाला?

योगिनी : पूड पडल्यावर तो आधी ओरडला. मग झोंबत नाही असं कळलं तसा हसला. आणि परत ओढणीला हात घातला.

सोनूबाई : मग?

योगिनी : मग मी त्याचा हात धरला आणि पिळला. भरतीच्या सरावाला मैदानावर मॅडमनी शिकवलंय तसा. तो गाडीवर पडला, गाडी त्याच्यावर.

सखाराम : तक्रारीत हे कुठेच नाही.

योगिनी : पोरीने हात पिळून पाडलं, हे तो लिहून देईल?

सोनूबाई : आणि मला का नाही बोललीस?

योगिनी : घरी आले तर तू आधीच सगळ्या वाडीला सांगत होतीस, माझ्या तिखटाने लोळवला. एवढी खूश होतीस. म्हटलं, असू दे.

सोनूबाई : असू दे काय. काढ तो मोबाईल. झाला की भागूबाईला पहिला पाठव, दुसऱ्या कोणाकडून कळायला नको.

योगिनी : नक्की ना?

सोनूबाई : पदर सरळ कर माझा. आणि तो निळा डबा दे इकडे, हातात धरते.

योगिनी : हं. चालू झालंय, आजी.

सोनूबाई : मी सोनूबाई. माझ्या नातीने टाकली ती ही बेडगी. ही कोणालाच झोंबत नाही. तो माणूस पडला, तो आमच्या पोरीच्या हाताने.