पेटीतले आठ बोल्ट

नाही साहेब, बारा कमी आहेत म्हणजे बारा कमीच आहेत, त्याला मी काय करू — तुम्हाला साठ हवेत, माझ्याकडे अठ्ठेचाळीस आहेत, उरलेले मंगळवारी येतील. मंगळवारी म्हणजे मंगळवारी. आणि आत्ता काय म्हणालात — "बारा त्या खालच्या खणातले घाला, दिसायला सारखेच तर आहेत"? दिसायला मीठ आणि साखरही सारखीच दिसते, म्हणून चहात मीठ घालता का? या, इकडे उजेडात या. हा बघा — सहा कोनांचं डोकं, चकचकीत, आणि वर काय कोरलंय? ए टू, सत्तर. आणि हा? ए फोर, ऐंशी. सत्तर-ऐंशी म्हणजे ताण किती सोसेल ते. पण खरं बघायचं ते आधीचं — ए टू की ए फोर. त्यावरून कळतं पोलाद कसलं आहे. लोहचुंबक नका काढू, दोघांनाही तो धड चिकटत नाही. वाचायचं. डोळ्यांनी वाचायचं, एकेक.

आता ए टू वाईट नाही हं, त्याची बदनामी करत नाहीये मी — स्वयंपाकघरातलं टेबल, दवाखान्यातली खाट, घरातल्या जिन्याचा कठडा, तिथे न्या, तुमची नातवंडं म्हातारी होतील पण तो गंजणार नाही. पण समुद्र? समुद्राचं खारं पाणी वॉशरच्या खाली, जिथे डोळा पोचत नाही तिथे, ठाण मांडून बसतं आणि सुईच्या टोकाएवढी भोकं पाडत जातं. वरून सगळं झकास. तुमचा तो धक्क्यावरचा पूल, बोटीतून उतरायचा, भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होतो ना? मग तिथे ए फोरच. आणि बिजागरीच्या जोडाला अर्ध्याच आट्यांचा घ्या, पूर्ण आट्यांचा नको, कापणारा ताण गुळगुळीत भागावर यायला हवा. आणि नट मशीनने घरघर फिरवू नका — स्टेनलेसवर स्टेनलेस तापलं की असं धरून बसतं, की मग करवतच आणावी लागते. आट्यांना पेस्ट लावायची, हाताने फिरवायचं, पाना शेवटी. मला कुणी शिकवलं? दादाने. माझा थोरला भाऊ, फिटर होता — म्हणजे आहे, जिवंत आहे, तसं नाही म्हणत मी — फिटर होता. बसा ना, उभे का? त्या स्टुलावर बसा. नाही, त्या नको, त्या — बरं, बसा, काही हरकत नाही.

तुम्ही नवीन आहात इथे, म्हणून सांगते. तुम्ही बांधताय तिथे आधी एक पूल होता. माहितीये? फाईल वाचलीत? मग ठाऊकच असेल, पाच वर्षांपूर्वी एका टोकाचा जोड सुटला, पूल बोटीवर आला, बोटवाल्याचा पाय खाली सापडला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. तो पूल दादाने बसवलेला. चौकशी बसली. दादाने सरळ सांगितलं, मी घाईत जास्त आवळले, चूक माझी. एवढंच. ना वकील, ना काही. त्यानंतर कुणी त्याला साधा नळ बसवायलाही बोलावलं नाही. तीस वर्षांचा हात, साहेब — पाना धरला की नुसत्या मनगटाला कळायचं त्याच्या, किती झालं ते — आणि तो माणूस म्हणे जास्त आवळेल! हसू येतं मला. आवळण्याने नाही तुटत असं, आठ बोल्ट एकदम —

काय? आठ कुठून आले म्हणजे? फाईलमध्ये असतील. नाहीयेत? नुसतं "जोड निकामी" असंच लिहिलंय? असेल. मग मी असंच म्हणाले. गावात लोक बोलतात, ऐकलं असेल. असे बघू नका माझ्याकडे. — हो, डोकी पाण्यात गेली, मिळाली नाहीत, नुसते खालचे तुकडे राहिले नटात अडकून, आणि तुकड्यावर अक्षरं नसतात. म्हणून तर कुणाला कळलं नाही की ते — की ते —

पाणी पिता? मी पिते.

अठ्ठेचाळीस हवे होते त्याला. माझ्याकडे चाळीस. माल तीन दिवसांनी येणार होता, आणि त्याच्याकडे क्रेन उद्याची ठरलेली. मी म्हटलं असतं ना, दादा, आठ कमी आहेत, तर तो थांबला असता. किंवा बाजारातल्या दुसऱ्या दुकानात गेला असता, आणि तेच मला नको होतं — बाबांच्या मागे दुकान मी चालवते, बाईला काय कळतं लोखंडातलं म्हणणारे चिक्कार होते, आणि माझा सख्खा भाऊच दुसरीकडे गेला तर झालंच! त्या खालच्या खणातूनच काढले आठ. ए फोरच्या पेटीत तळाशी घातले, वर चाळीस पसरले, चिठ्ठी तीच ठेवली. त्याने विचारलं, "सगळे ए फोर ना गं?" मी म्हटलं, "म्हणजे काय दादा!" त्याने पेटी उघडलीसुद्धा नाही. बहिणीची पेटी कोण उघडून बघतं? आणि तळाचे आठही शेवटी एकाच जोडाला लागले. पसरून लागले असते चार इकडे, चार तिकडे, तर कदाचित — नाही. कदाचित नाही. मी रोज करते हा हिशेब, तो सुटत नाही.

तो बोटवाला गेल्या महिन्यात आला होता. तुम्ही बसलात त्याच स्टुलावर बसला, कुबडी भिंतीला टेकवली आणि वल्ह्याच्या खुंटीसाठी एक नट मागितला. मी शोधत होते तेव्हा म्हणाला, "तुमचा भाऊ भला माणूस आहे हो, कुणाचाही हात एकदा चुकतो." आणि मी काय म्हटलं सांगू? "हं" म्हटलं. एवढंच. त्याला नट बांधून दिला आणि हं म्हटलं.

जाऊ दे. तुमचं काम बघू. फिटर कोण तुमचा? सांगा की, त्याला फोन करून मंगळवारचं सांगते, त्याची खोटी नको. — कसला म्हातारा? चिकट? एकेक डोकं वाचून घेतो म्हणजे? आणा बघू ती यादी. द्या इकडे. तुम्ही मघापासून वाचून दाखवताय, मला वाटलं तुमचं अक्षर.

हे दादाचं अक्षर आहे.

तुम्ही बोलावलंत त्याला? पाच वर्षांत कुणी बोलावलं नाही, आणि तुम्ही — दुसरं कुणी मिळत नव्हतं म्हणून? असेना का! काही बोलला? माझ्याबद्दल? नाही? नुसतं "बोल्ट त्याच दुकानातून आणा" — असं? त्याच दुकानातून. दुसऱ्याचं नाव नाही घेतलं? आणि हे खाली काय लिहिलंय, तुम्ही वाचलं नाहीत मला — "पेटी उघडून तळापर्यंत बघणे." तळापर्यंत.

त्याला माहीत आहे. साहेब, त्याला माहीत आहे. तुटलेला तुकडा हातात घेतला असेल त्याने, डाग बघितले असतील, त्याला काय अक्षरं लागतात? चौकशीत उभा राहिला तेव्हाही माहीत होतं त्याला. आणि वहिनी मला दारात बघून अजून "या" म्हणते — तिलाही? नाही, तिला नाही सांगणार तो. कुणालाच नाही सांगितलं. मलासुद्धा नाही. पाच वर्षं वाट बघितली असेल का हो, मी येईन म्हणून?

थांबा. उठू नका. पेन द्या. ही यादी मी ठेवते, तुम्हाला दुसरी करून देईन. पावतीच्या मागे लिहिते — "जुन्या पुलाच्या पेटीत आठ बोल्ट ए टूचे मी घातले. भावाला ठाऊक नव्हतं." सही. तारीख आज कितवी? हं. दुकानाचा शिक्काही मारते, म्हणजे नंतर नाही म्हणता यायचं नाही. हा कागद चौकशीच्या कचेरीत द्या. नाही, मी नाही नेत. माझ्या हातात राहिला तर रस्त्यातच फाडीन, मी ओळखते स्वतःला. घ्या. असा नाही, आतल्या खिशात घाला. बोल्ट मंगळवारी न्या, साठच्या साठ, इथे बसून वाचा. आता जा. मी मागून धावत आले आणि परत मागितला, रडले, काहीही म्हटलं, तरी देऊ नका. जा म्हटलं ना. जा.