चावलेली थोटकं

बागेत डबा खायला बसलेल्या नर्सच्या मागच्या बाकावर एका गृहस्थाने सिगारेट काढली, तशी झाडूवाली थांबली.

“काका, सोमवारपासून बागेत बंदी आहे.”

“उघड्यावर कसली बंदी, बाई? धूर वाऱ्यावर जातो.”

“धूर जातो, थोटकं राहतात. काल वाळूत खेळणाऱ्या पोरीने एक तोंडात घातलं. ते तुमचंच होतं.”

“कशावरून?”

“टोक चावलेलं होतं. नऊ वर्षं तुमची थोटकं वेचतेय मी.”

घास डब्यात ठेवून नर्सने मागे वळून विचारलं,

“पोरगी बरी आहे ना?”

“मी बोट घालून काढलं म्हणून बरी आहे.”

सिगारेट पाकिटात परत गेली.

“बरं, फाटकाबाहेर जाऊन ओढतो.”

“खुशाल जा. तिथं माझी जाऊ झाडते, आणि तिला माझ्याएवढा धीर नाही.”