चालून दाखव

अहो, तिकडे नको — सॅकवर पाणी उडेल. इथे कठड्याबाहेर हात धरा, खाली कुणी नाही, मी ओतते. आणि सावकाश धुवा. तांब्यात पाणी आहे तोवरच मला बोलता येईल — आत तुमच्या मावशी आणि आमचे अण्णा माझ्या पायाचं काय करायचं ते ठरवतायत. बघताय काय सॅककडे? माझीच आहे. परवा निघायचंय — म्हणजे, निघायचं होतं. आम्ही कॉलेजातल्या चौघीजणी. राजगड चढायचा, तिथून डोंगराच्या धारेनं तोरणा, मग लिंगाण्याच्या बाजूनं नाळेच्या अरुंद, उभ्या वाटेनं कोकणात उतरून रायगड — सगळं पायी. पाऊस सरल्यापासून तयारी चाललीये. रोज पहाटे लालबागहून शिवडीच्या किल्ल्यापर्यंत, पाठीवर ही सॅक आणि सॅकमध्ये आईचा वरवंटा — ओझ्याची सवय व्हावी म्हणून. अख्खी चाळ ‘वरवंटाबाई’ म्हणते मला. म्हणू दे.

अण्णांनी परवानगीही दिली होती हो! मग तुमच्या मावशींचा निरोप आला, मुलगा रविवारी बघायला येतोय — झालं. ‘पसंत पडलीस तर आता कसले गड? ठरलेल्या मुलीनं उन्हातान्हात हिंडायचं नसतं.’ हे कोण म्हणतंय? शिवाजी पार्कच्या प्रत्येक सभेत घसा बसेपर्यंत ‘झालाच पाहिजे’ ओरडणारा माणूस! अहो अण्णा, ज्या महाराष्ट्रासाठी ओरडता, तो डोळ्यांनी बघायला मुलीनं जायचं नाही? — असं म्हणायला हवं होतं. पण म्हटलं नाही. फाउंटनच्या मोर्चात मी लाठ्यांपुढे उभी होते, विचारा कुणालाही. पण अण्णा पानाला चुना लावता लावता, वर न बघता म्हणाले, ‘बघून तर जाऊ दे गं त्यांना’ — आणि माझ्या तोंडून ‘नको’ एवढं निघेना. निघेचना. — पण हे मी तुम्हाला का सांगतेय?

बरं, मघाशी काय झालं ते तुम्ही पाहिलंतच. तुमच्या मावशी म्हणाल्या, ‘जरा त्या कपाटापर्यंत चालून दाखव गो बाय.’ चालून दाखव! मला! डोकंच फिरलं. म्हटलं, बघाच — आणि ओढला पाय. वाटलं, चहा पिऊन मुकाट उठतील, आणि परवा मी राजगडावर. कुठलं काय! मावशींना माझी दया आली — दया! — आणि अण्णा पांढरेफटक. ‘त्या वरवंट्यानं घात केला, आता गडबिड बंद!’ आता खरं सांगावं, तर पाय धड, म्हणजे मुलगी पसंत, म्हणजे गड बंद. न सांगावं, तर पाय अधू — तरी गड बंदच. सांगा ना, कुठून जाऊ?

काय? पोहे घेऊन आले तेव्हा मी सरळ चालत आले होते? — पाहिलंत तुम्ही? मग आत बोलला का नाहीत? ... काय म्हणालात? लग्नानंतर तुम्ही न्याल रायगडावर? चांगले आहात हो तुम्ही. खरंच. म्हणून तर जास्त अवघड झालंय. तुम्ही आडदांड असतात तर बरं होतं. पण मला कुणी न्यायला नकोय — मला जायचंय. कळतंय का फरक? — नाही ना. अण्णांनाही नाही कळत. माझी मलाच बोलताना तो फरक केवढासा वाटायला लागतो.

ऐकलंत? ‘बकुळा, आत ये गो, हाडवैद्य आलेत, पुन्हा एकदा चालून दाखव.’ — आले, आले! — धरा हा तांब्या. पटकन सांगा, मघाशी कुठला ओढला होता, डावा की उजवा? हसताय काय! — नको, सांगूच नका. व्हा बाजूला. आणि मी उंबरठा ओलांडेपर्यंत माझ्या पायांकडे बघायचं नाही. वळा. वळा म्हणते ना — शिवडीकडे तोंड करा.