ग्लुकोजची पुडी

खामगावच्या मॅरेथॉनचं आठवलं की अजूनही डोकं तापते माझं. मले लहानपणापासून टाईप वन डायबेटीस, रोज इन्सुलिन घेते. पळता पळता शुगर उतरली, हात थरथरले. ग्लुकोजची पुडी काढली, तं पाणी वाटणाऱ्या आमच्या गल्लीतल्या काकानं ती हिसकावली.

"तुले शुगर हाय ना? गोड काऊन खाऊन राह्यली?"

"काका, शुगर कमी झाली. द्या ते, नाही तं पडीन मी."

"मले नको शिकवू."

मी रस्त्यावरच बसली. मागून पळत येणारी एक बाई थांबली, तिनं तिच्याजवळचं ग्लुकोजचं पाणी पाजलं. माझी शर्यत तिथंच संपली.

बक्षिसाच्या वेळी काका माईकवर सांगून राह्यले, "आमी एका पोरीचा जीव वाचवला."

मी स्टेजवर गेली, माईक घेतला. "ते पोरगी मी. जीव त्या बाईनं वाचवला. यायनं तं घेतलाच असता."