सहावीचा मुक्काम

हेडसर : माझ्या खुर्चीवर दप्तर कुणाचं आहे?

बाई : मॉनिटरचं. उचल गं ते. या सर, बसा.

हेडसर : 'या, बसा'? बाई, ही माझी केबिन आहे! मी जरा राउंडला काय गेलो, अख्खी सहावी इथे? आणि कपाटावर कोण चढलंय?

बाई : तो मागचा बाक आहे सर. जागा पुरेना.

हेडसर : उद्या संस्थेचे अध्यक्ष येताहेत. तुम्हाला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते माझ्या अहवालावर ठरणार. अख्ख्या शाळेत सहावीचा निकाल तळाला, आणि तुमचे हे उद्योग!

बाई : तुम्हीच म्हणालात ना, निकाल का घसरला ते शोधून काढा. मुलांनी शोधलं. सांग गं सरांना.

मॉनिटर : सर, आम्ही प्रत्येक खोलीत मेणाचा एकेक खडू उभा केला. पाचवीतला जरासा वाकला. ऑफिसातला मऊ पडला. आमच्या वर्गातला बाकाला चिकटलाय, अजून निघत नाही.

हेडसर : आणि इथला?

मॉनिटर : एसीत ताठ उभा आहे. अगदी तुमच्यासारखा.

हेडसर : जीभ आवर. कुठल्या धड्यात आहे हा प्रयोग?

बाई : शेवटच्या. 'बदलते हवामान'.

हेडसर : तो परीक्षेला नाही! नुसता वाचून पुढे सरका, असं बजावलं होतं मी.

बाई : वाचायलाच घेतला होता. पण सगळी त्याच पुस्तकाने वारा घेत बसली. म्हटलं, धडा स्वतःच वर्गात येऊन बसलाय, आता वाचायचा कशाला?

हेडसर : पत्र्याखाली थोडं उकडतं, मान्य. आमच्या वेळी डोक्यावर पत्राही नव्हता. शिकलोच ना आम्ही?

मॉनिटर : मग काय होतं सर, डोक्यावर?

हेडसर : झाड.

मॉनिटर : आमच्या वर्गावरही होतं. ते तोडलंत तुम्ही.

हेडसर : मी नाही, संस्थेने! 'हरित शाळा' पुरस्काराची पाटी रस्त्यावरून दिसत नव्हती.

बाई : आता छान दिसते हो.

हेडसर : नाचता येईना अंगण वाकडं! शिकवणं जमत नाही, म्हणून पत्र्यावर खापर.

मॉनिटर : मग चला ना सर, अंगण बघायला. बाईंचा अहवाल आमच्या वर्गात बसून लिहा. पुरा झाला, तर आम्ही मुकाट्याने तिकडे परत जातो.

हेडसर : हात्तिच्या, एवढंच? चला, वकीलबाई. एका बैठकीत लिहितो.

(सहावीचा वर्ग. हेडसर पहिल्या बाकावर, दोघी दारात.)

बाई : झाला का सर?

हेडसर : थांबा हो. 'सदर शिक्षिका...' काय बरं होतं पुढे? आत्ता डोक्यात होतं. पंखा लाव गं.

मॉनिटर : चालूच आहे. वरची गरम हवा खाली ढकलतो तो, बाकी काही नाही.

हेडसर : आणि कागदावर हे काळं काय पडलं? पेन गळतंय वाटतं.

बाई : पेन नाही सर. कानामागून येतंय. कलप असावा.

हेडसर : हसू नका!

बाई : मी कुठे हसले? ती हसली.

मॉनिटर : सर, एक विचारू? सतरा नव्वे किती?

हेडसर : हा काय प्रश्न झाला? सतरा नव्वे एकशे... त्रेचाळीस. छे! थांब. सतरा दाहे एकशे सत्तर, त्यातून... त्यातून किती काढायचे?

मॉनिटर : काल दुपारी याच बाकावर तुम्ही मला हेच विचारलंत. मला आलं नाही, तर सगळ्यांसमोर मठ्ठ म्हणालात. आणि बाईंना म्हणालात, तुम्ही शिकवता तरी काय.

बाई : जाऊ दे गं. सर, पाणी घ्या.

हेडसर : द्या. आणि हा कागद फाडून टाका. उद्या अध्यक्षांची खुर्ची कुठे मांडणार आहात?

बाई : केबिनमध्ये. नेहमीसारखी.

हेडसर : नको. इथे मांडा, पत्र्याखाली. त्यांनाही हा धडा होऊन जाऊ दे.

बाई : परीक्षेला नसला तरी?

हेडसर : नसला तरी. वकीलबाई, शपथेवर सांगतो, मला उत्तर येत होतं गं.

मॉनिटर : माहीत आहे सर. केबिनमध्ये गेलात की आठवेल. मलाही तिथेच आठवलं.